गाण्याची फळी

“ही आमची फळी नाही!”

काचेच्या पेटीला नाक लावून खार म्हणाली. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली, म्हणून तिने ती फ्रॉकच्या बाहीने पुसली आणि पुन्हा नाक लावलं.

“नीट बघ. कदाचित पुसली असेल,” शंकी म्हणाली.

“पुसल्यावर उंदराने कुरतडलेला कोपरा परत उगवतो का?”

“मुळीच नाही!” भोंगा कुजबुजला. महोत्सवाच्या दालनात पलीकडच्या टोकाला झाडू मारणारी बाई दचकून उभी राहिली. भोंग्याची कुजबुज अशीच असायची.

भोंगा आणि शंकी ही भावंडं सुट्टीत मामाकडे राहायला आली होती. शंकीचा कशावर म्हणून चटकन विश्वास बसत नसे. घड्याळात बाराचे टोले पडले तरी ती अंगणात जाऊन ऊन बघून यायची. खार ही त्यांची इथली मैत्रीण. टेकडीवरच्या वस्तीत राहायची आणि कुठल्याही झाडावर सरसर चढायची. आणि मामा म्हणजे ‘आदिवासी कला, भाषा व संस्कृती महोत्सवा’चे अध्यक्ष. त्यांना आदिवासी भाषेतला एकही शब्द येत नव्हता. पण अध्यक्ष व्हायला त्याची गरज नव्हती. छातीवर बिल्ला लावता आला की झालं.

“या फळीवर लिहिलेलं काय असतं गं?” भोंग्याने विचारलं.

“लिहिलेलं नसतं. खाचा असतात. एक खाच म्हणजे एक कडवं. आजी खाचेवरून बोट फिरवते आणि गाते. तिला डोक्यात काही आठवत नाही, बोटाला आठवतं. फळी भाजली, त्या डागाचं कडवं आहे. उंदराने कोपरा खाल्ला, त्या उंदराचंही कडवं आहे. फळीवर जे उमटेल ते गाण्यात येतं.”

“आणि फळीच नसेल तर?”

खार हळूच म्हणाली, “तर गाणं संपलं. आज आजी पहिल्यांदा माझं बोट धरून फळीवर ठेवणार आहे. तिच्याशिवाय कुणाला येत नाही. तिचे डोळे गेलेत, आता हातही कापतो.”

पेटीतल्या फळीकडे तिघांनी पुन्हा पाहिलं. ती चकचकीत होती. खाचा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकसारख्या होत्या. पेटीला कुलूप नव्हतं. शंकीने झाकण उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं. “व्हार्निश! अजून ओलं आहे.”

“चला मामाकडे!”

मामा आरशासमोर भाषण पाठ करत होता. “आपल्या पूर्वजांचा हा अमूल्य ठेवा मी प्राणपणाने... काय रे पोरांनो?”

“मामा, पेटीतली फळी नकली आहे!”

“नकली नाही, नवीन आहे,” मामा टाय सारखा करत म्हणाला. “जुनी फारच कळकट होती. फोटोत अगदी सरपणासारखी दिसत होती. म्हणून आम्ही ठराव करून सुतारमेस्त्रींकडून तशीच सुबक फळी करून घेतली. महोत्सव कसा, संस्कृतीसारखा दिसला पाहिजे!”

“मग जुनी कुठेय?”

“सुरक्षित आहे. मी जातीने मंडपवाल्याच्या हातात दिली.”

“पण काका, आजी त्या नव्या फळीवर नाही गाऊ शकत,” खार म्हणाली.

“अगं, मग बिनफळीचं गायचं! दोन ओळी पुरेत. प्रमुख पाहुण्यांना घाई आहे. आणि नाहीच जमलं तर कॉलेजच्या मुली पिसं लावून नाचणार आहेतच की. जा आता. मोठ्या माणसांच्या कामात लुडबुड नको.”

बाहेर आल्यावर भोंगा म्हणाला, “आपला मामा...” पुढचा शब्द त्याने गिळला. एवढा मोठा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदाच गिळला असावा.

मंडपवाले काका तोंडात खिळे धरून स्टेजच्या कडेला ठोकाठोक करत होते.

“फळी?” ते खिळ्यांमधूनच म्हणाले. “अरे बाबा, काल दिवसभर लोक मला फळ्याच देत होते! अध्यक्षांनीही एक दिली. म्हणाले, जुनं लाकूड आहे, लावा कुठेतरी.”

“कुठे लावलीत?”

काकांनी हातोड्याने अख्खं स्टेज दाखवलं. लांबच्या लांब स्टेज, वर लाल जाजम, आणि जाजमाखाली फळ्याच फळ्या. खार मटकन खाली बसली.

“आता हे सगळं उचकटायचं?” भोंगा म्हणाला.

शंकी मात्र स्टेजवरच्या मोठ्या सोफ्याकडे टक लावून बघत होती. “भोंग्या, काल मामा त्यावर बसायची तालीम करत होता ना?”

“हो! सोफा डुगडुगत होता. मामा होडीत बसल्यासारखा दिसत होता! केवढा ओरडला होता काकांवर!”

“आणि आज सकाळी बसला तेव्हा?”

“आज नाही डुगडुगला...”

“का नाही डुगडुगला?”

तिघांनी एकदम काकांकडे पाहिलं. काकांच्या तोंडातून एक खिळा पडला.

“अरे देवा. मागच्या पायाखाली जाड लाकूड सारलं होतं मी. एका कोपऱ्याला कुरतडलेलं.”

“तेच ते!” भोंगा ओरडला.

पण तेवढ्यात कर्णा खरखरला, पाहुण्यांची गाडी आली आणि बघता बघता सगळे मान्यवर स्टेजवर चढले. मामा आणि प्रमुख पाहुणे सोफ्यात बसले. ज्यांचा महोत्सव होता ते वस्तीतले लोक सगळ्यात मागे, उन्हात. पुढच्या खुर्च्या त्यांच्याविषयी आस्था असलेल्यांसाठी राखीव होत्या.

“आता मी सोफ्याला हात लावणार नाही,” काका म्हणाले. “अध्यक्ष बसलेत. मला पुन्हा कुणी कामाला बोलावणार नाही.”

“ते उठले तर?” शंकीने विचारलं.

“उठले तर लावीन. पण ते कशाला उठतील?”

शंकीने फाटकाकडे पाहिलं. तिथे वर्तमानपत्राचा फोटोग्राफर चहा पीत उभा होता. तिने खारीला काचेच्या पेटीकडे पिटाळलं आणि भोंग्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भोंग्याने छाती भरून श्वास घेतला.

“वर्तमानपत्राचे फोटोवाले फाटकाशी उभे आहेत हो!”

त्यात खोटं काहीच नव्हतं. पण स्टेज असं रिकामं झालं की आग लागली असती तरी इतक्या चटकन झालं नसतं. उपाध्यक्ष चिटणिसांना ओलांडून गेले, खजिनदार उपाध्यक्षांना ओलांडून गेले, आणि मामा सगळ्यांना ओलांडून पहिला पोचला. संस्कृतीवरचं भाषण करणारे विद्वान माईकमध्ये “म्हणूनच मी म्हणतो की...” एवढं बोलून पायऱ्या न वापरता खाली उतरले.

सोफ्यावर फक्त प्रमुख पाहुणे उरले. ते गाढ झोपले होते.

“आता?” काका घाबरले.

“उचला की पाहुण्यांसकट!” खार धापा टाकत आली. तिच्या काखेत ती चकचकीत फळी होती.

काकांनी मागून सोफा उचलला. पाहुणे पुढे कलले. भोंग्याने त्यांचं पोट अलगद धरून ठेवलं. शंकीने जाजम सारलं, खारीने हात घालून जुनी फळी ओढली आणि तिच्या जागी नवी सारली. पाहुण्यांनी एक डोळा उघडला.

“माझं भाषण झालं का?”

“फारच सुंदर झालं!” शंकी म्हणाली. पाहुण्यांनी समाधानाने डोळा मिटला.

मान्यवर घाम पुसत परतले. मामा सोफ्यात बसला. नवी फळी सुबक होती, पण पातळ. सोफा कलला आणि अध्यक्ष अख्खा कार्यक्रमभर हळूहळू घसरत पाहुण्यांच्या खांद्यावर जात राहिले.

आजी काठी टेकत स्टेजवर आली. खारीने फळी तिच्या मांडीवर ठेवली. आजीने तिच्यावरून तळहात फिरवला, वास घेतला, आणि तिचा चेहरा सैल झाला. मग तिचं बोट पहिल्या खाचेवर गेलं आणि ती गाऊ लागली. मागच्या रांगा उन्हात उठून उभ्या राहिल्या. पुढच्या रांगांनी घड्याळं पाहिली.

आजीने खारीचं बोट धरलं आणि दोघींची बोटं बरोबर सरकू लागली. भाजल्याचं कडवं झालं. उंदराचं कडवं झालं. आणि मग, जिथे आजवर काहीच नव्हतं तिथे, आजीचं बोट थांबलं. गोल, खोल, ताजा खड्डा होता.

“हे काय गं पोरी?”

“सोफ्याचा पाय, आजी,” खार पुटपुटली. तिचे डोळे भरून आले. “अध्यक्ष बसले होते ना, म्हणून... फळी खराब झाली.”

आजीने खड्डा चाचपला. मग तिच्या सुरकुत्यांमधून हसू फुटलं. “खराब कशाने? फळीवर उमटलं ते गाण्यात आलं. पण याचं कडवं मला ठाऊक नाही. तू बघितलंस ना? मग तू म्हण.”

आजीने आपलं बोट उचललं. फळीवर एकट्या खारीचं बोट उरलं. तिने ते खड्ड्यात टेकवलं, आणि ती गायली. आवाज पहिल्या शब्दाला कापला, दुसऱ्याला नाही.

मागच्या रांगांमध्ये हास्याचा असा स्फोट झाला की पाहुणे जागे झाले. बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. आजी तर डोळे पुसत होती.

“काय म्हणतेय ती?” मामाने पुढे वाकून आजीजवळ उभ्या असलेल्या शंकीला विचारलं.

“मामा, तू गाण्यात आलास! आता तिच्या मुली गातील, मग त्यांच्या मुली गातील.”

“खरं सांगतेस?”

“मी कधी खात्री केल्याशिवाय बोलते का?”

कडवं संपताच खारीने तिला अर्थ कानात सांगितला होता. एक जड माणूस आला, गाण्यावर बसला, आणि गाणं कुठे आहे म्हणून सगळ्यांना विचारत राहिला.

मंडपवाल्या काकांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. आजीने तिघांचे चेहरे चाचपून बघितले आणि खारीचा हात काही सोडला नाही. अध्यक्षांनी समारोपात “माझ्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या या गुणी मुलांचं” तोंड भरून कौतुक केलं. मग कललेल्या सोफ्यावरून कसेबसे उठून त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्या खास आग्रहावरून ते कडवं पुन्हा एकदा म्हणण्यात आलं.