सावल्या नंतर उचलता येतात

ही गोष्ट खोटी असती तर बरं झालं असतं. पण ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. निदान त्या दिवसापर्यंत तरी नव्हतं.

घरात सगळे त्याला पायलट म्हणतात. ड्रोन उडवतो म्हणून. आत्या तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमचे पायलट स्वतः जमिनीवरच असतात, डोकं तेवढं हवेत असतं."

रविवार होता. संध्याकाळचे पावणेसहा. वस्तीबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण.

पायलट तिथे मावळतीचं चित्रण करत होता. कुठल्याशा स्पर्धेला पाठवायचं होतं.

आता त्याच्या कामातली एक गोष्ट समजून घ्या. कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, म्हणजे ते एक्सपोजर, हे तो आकाश बघून ठरवतो. आकाश एकदा पांढरं फटक आलं की काही केल्या परत मिळत नाही. खालचं काळं आलं तर येऊ दे. सावल्या नंतर घरी बसून उचलता येतात, म्हणजे काळोखात दडलेलं उजळून काढता येतं.

त्याने उजेड कमी केला आणि तसाच लॉक करून टाकला.

तेवढ्यात खाणीच्या रस्त्याने एक बाई धावत आली. त्याच्याच गल्लीतली शिवणकाम करणारी ताई. तिचे वडील दुपारपासून सापडत नव्हते. घड्याळवाले काका. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि आता स्वतःच्या घराचा रस्ता विसरायचे.

"अरे, तुझं ते यंत्र वरच आहे ना? जरा खाणीत बघ की! कधी कधी इकडे फिरकतात ते."

त्याने ड्रोन खाणीवरून फिरवला. सूर्य पलीकडच्या कड्यामागे गेला होता. स्क्रीनवर वर सोनेरी आकाश... आणि कड्याखाली नुसता काळोख.

उजेड वाढवायला रिमोटवरचं एक चाक फिरवायचं होतं. एका बोटाचं काम! पण मग आकाश गेलं असतं. चालू शॉट वाया गेला असता. आणि तो रंग दहा मिनिटांच्या वर टिकत नाही.

त्याने चाकाला हात लावला नाही.

"ताई, इथे कोणी नाही. सगळं नीट पाहिलं मी."

ताई बिचारी बस स्टँडकडे धावली. बाकीचे शोधणारेही तिकडेच गेले.

सकाळी खाणीच्या राखणदाराला काका सापडले.

कड्याखालीच.

पाय मोडलेला. अंगात शर्ट नाही, तेही एवढ्या थंडीत. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीपर्यंत जीव असावा.

पायलटने ती बातमी ऐकली आणि खोलीचं दार लावून व्हिडिओ उघडला. सावल्या उचलायला सुरुवात केली. थोडा उजेड... दगड दिसले. आणखी थोडा... गवत.

आणखी थोडा...

काका होते. दगडाला टेकून बसलेले. अंगातला शर्ट काढून दोन्ही हातांनी ड्रोनकडे हलवत होते.

मग त्याचं लक्ष स्क्रीनच्या तळाशी गेलं. ड्रोनच्या व्हिडिओला आवाज नसतो हो, पंख्यांच्या घरघरीत ऐकणार काय? पण तिथे आवाजाची रेघ हलत होती.

त्याने हेडफोन लावला.

"अहो... वर कोण आहे? इकडे... मी इकडे आहे..."

पाचव्या दिवशी ताई त्याच्याकडे आली. डोळे सुजलेले.

"लोक म्हणतात, बाबा भ्रमिष्ट झाले होते. वेड्यासारखे कपडे काढून बसले. वडील गेले ते गेले, पण हे ऐकवत नाही रे. तुझ्या व्हिडिओत काही दिसतंय का? शर्ट का काढला, एवढंच कळू दे मला."

त्याला माहीत होतं. जगात त्या एकट्याला माहीत होतं.

"मेमरी कार्ड खराब झालं, ताई. सगळं उडालं."

नंतरच्या महिन्यात त्याने एका शाळेचं चित्रण केलं. भर दुपारी. घरी येऊन व्हरांड्यातली सावली उचलली... कोपऱ्यात कोणीतरी शर्ट हलवत होतं.

पुढच्या कामात गोदामाच्या छपराखाली. तेच.

मग तो सगळंच भडक उजेडात काढायला लागला. सावलीच नको! गिऱ्हाइकं ओरडायची, "अहो, आमचं आकाश कुठे गेलं?"

शेवटी एक दिवस सकाळी अकराला तो लॅपटॉप घेऊन ताईच्या दुकानात गेला. तिने मशीन थांबवलं.

"ताई, मी खोटं बोललो. काका तिथेच होते. शर्ट हलवून मला बोलवत होते. ते पूर्ण शुद्धीवर होते."

ताई काही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दाखव."

त्याने उजेड वाढवला. दगड. गवत. आणखी वाढवला...

कोणी नव्हतं.

दगडावरची चीर न् चीर दिसत होती, पण माणूस नव्हता.

ताईने तीन वेळा पाहिलं. मग तिने पदराने डोळे पुसले.

"म्हणजे तेव्हा नव्हतेच ते तिथे. नंतर भरकटत आले असतील. आणि शर्टाचं... लोक म्हणतात तेच खरं म्हणायचं."

त्याने बोलायला तोंड उघडलं.

ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझं मन राखायला किती खटाटोप करतोस रे! तू नीटच पाहिलं होतंस."

आणि त्याने तोंड मिटलं.

हे मला सांगताना तो ढसाढसा रडला. म्हणाला, "मला हायसं वाटलं रे. तिचे वडील वेडे ठरले, आणि मला हायसं वाटलं!"

घरी येऊन त्याने पुन्हा व्हिडिओ उघडला. उजेड वाढवला.

काका होते.

पण आता हात हलत नव्हते. शर्टाची घडी करून मांडीवर ठेवली होती. नुसते वर बघत होते... थेट कॅमेऱ्यात. आवाजाची रेघ सरळ झाली होती.

तो रोज दुपारी ते उघडून बसतो. निदान आज तरी हाक मारतील म्हणून.

मी त्याला कितीदा म्हटलं, परत जा, तिला सांग. तो मान खाली घालतो.

दुसऱ्याला सांगायला माझं काय जातंय? मी रोज ताईच्या दुकानावरून जातो. ती मशीनवरून मान वर करून विचारते, "बरा आहेस ना?"

मी बरा आहे म्हणतो आणि पुढे निघून जातो.