टेहळ्याला भोवत्या दिसेना

"आकाश मोकळं आहे," टेहळ्या म्हणाला.

आणि नेमक्या त्याच क्षणी एक भोवत्या पवनचक्कीच्या फिरत्या पात्याला अगदी चाटून खाली गेला!

"आत्या, थांबव! थांबव ना गं!" मैथिली किंचाळली. उज्ज्वलाआत्याने लाल बटणावर अख्खा तळहात आपटला. पाती कुरकुरत, कण्हत थांबली. तोवर तो पक्षी गवतात उतरलाही होता. मैथिलीने दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बिणीत कधी गवत दिसे, कधी ढग. मग एकदाची ती दिसली. उजव्या पंखात खाच असलेली भुरकट मादी. तिची खाचवाली! गेल्या हिवाळ्यात इथेच भेटलेली, उन्हाळ्यात हजारो किलोमीटर उत्तरेला जाऊन पुन्हा बोरमाळच्याच माळावर झोपायला आलेली.

"हिला आत्ता काही झालं असतं तर?" मैथिलीने विचारलं.

भोवत्या हा शिकारी पक्षी. दिवसभर गवतावरून अगदी खालून उडत उंदीर-टोळ शोधतो. संध्याकाळी मात्र सगळे भोवत्ये एका माळावर जमतात, वर उंच दोन-चार घिरट्या घालतात आणि मग गवतात झोपायला उतरतात. घोडं अडलं होतं ते याच घिरट्यांपाशी, कारण त्याच माळावर गावाची पवनचक्की होती. तिच्यावर पाण्याचा पंप चाले आणि वारा सुटायचा तोही संध्याकाळीच.

म्हणून तर टेहळ्याला आणलं होतं. टेहळ्या म्हणजे खांबावर बसवलेला बोलका कॅमेरा. त्याच्यात कृत्रिम बुद्धी (उदाहरणं बघून स्वतः शिकणारी संगणकाची अक्कल) होती. पक्षी जवळ आला की त्याने पाती थांबवायची, पक्षी उतरला की पुन्हा सोडायची. पक्षीही वाचतील, टाकीही भरेल. उज्ज्वलाआत्याने दोन वर्षं खपून तो बनवला होता.

"काहीच नव्हतं का रे तिथे?" आत्याने टेहळ्याला विचारलं.

"तारा होत्या. खांब होता. पक्षी नव्हता," टेहळ्या शांतपणे म्हणाला. त्याला काय, त्याचं काळीज थोडंच धडधडत होतं!

तेवढ्यात खालच्या रस्त्याने चाऱ्याच्या बियाण्यांचा टेम्पो धुरळा उडवत निघाला. त्याच्या मागच्या फळीवर सपाट हिरव्या रंगावर एक गुबगुबीत पोपट रंगवलेला होता. टेहळ्या एकदम ओरडला, "पक्षी! पक्षी! पाती थांबवा!"

शेजारी उभ्या असलेल्या सरपंच शांताबाई कोळेकरांनी कपाळावर हात मारून घेतला. "उज्ज्वला, अगं तुझा हा पहारेकरी खऱ्या पाखराला सोडतो आणि टेम्पोला सलाम ठोकतो! रोज संध्याकाळी चक्की बंद ठेवली तर टाकी कशी भरायची? उद्या संध्याकाळी मी पुन्हा येते. उद्याही हीच तऱ्हा असेल तर याला खाली उतरवा. चक्की मग चालूच राहील, सांगून ठेवते."

चालूच राहील! मैथिलीला रात्री अन्न गोड लागलं नाही. अंथरुणात कूस बदलून बदलून चादरीचं पार दोरखंड झालं. उद्या संध्याकाळी खाचवाली पुन्हा येणार. आणि खऱ्या पक्ष्याला 'नाही' म्हणणारा टेहळ्या चित्रातल्या पोपटाला 'हो' कसा म्हणतो?

सकाळी दात घासले न घासले तोच ती आत्याच्या पत्र्याच्या कार्यशाळेत हजर झाली. आत्याने टेहळ्याचा कॅमेरा काढून टेबलावर, संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून ठेवला होता.

"याला शिकवायला तू दिलेले फोटो काढ बघू," आत्या म्हणाली.

टेहळ्याच्या प्रशिक्षणाचं (उदाहरणं दाखवून दाखवून शिकवण्याचं) काम शाळेतल्या मुलांनी केलं होतं. पक्षी असलेले फोटो आणि पक्षी नसलेले फोटो, असे दोन ढीग. पक्ष्यांचा ढीग मैथिलीकडे होता. तिने मोठ्या ऐटीत पडद्यावर खाचवालीचा फोटो आणला. गेल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेला! मागे मऊ, धूसर हिरवाई आणि मधोमध खाचवाली.

"भोवत्या. शंभर टक्के," टेहळ्या म्हणाला.

"मग काल काय झालं होतं तुला?" मैथिली त्याच्यावर खेकसली.

आत्या मात्र फोटोकडे टक लावून बघत होती. तिने हिरव्या कागदाचा एक कपटा घेतला आणि पडद्यावरच्या खाचवालीवर चिकटवला. आता दिसत होती नुसती हिरवाई.

"आता काय दिसतं रे?"

"पक्षी," टेहळ्या ठामपणे म्हणाला.

मैथिलीने आ वासला. पक्षी झाकलेला आणि हा म्हणतो पक्षी! मग आत्याने संगणकावर खाचवालीला फोटोतून अलगद उचललं आणि विजेच्या तारांच्या एका फोटोवर नेऊन ठेवलं.

"पक्षी नाही," टेहळ्या म्हणाला.

आत्या हळूच म्हणाली, "मैथू, या फोटोची पार्श्वभूमी (चित्रात मुख्य गोष्टीच्या मागे जे जे दिसतं ते) अशीच होती?"

मैथिलीने मान खाली घातली. "नव्हती. मागे तारा होत्या. बाभळीला अडकलेल्या पिशव्या होत्या. चक्कीच्या पात्याचं पांढरं धुरकट फरकाटं होतं. सगळं डोळ्यात खुपत होतं, म्हणून मी पुसलं आणि हिरवं भरलं. सगळ्याच पोरांचे पक्षी साफ करून दिले मी. आपला माळ काय असा घाणेरडा दाखवायचा?"

"आणि पक्षी नसलेले फोटो?"

"ते कशाला साफ करायचे? त्यात पक्षीच नव्हता."

"झालं तर मग!" आत्याने टाळी वाजवली. "अगं, टेहळ्याला कुणी सांगितलंय, की चोच बघ, पंख बघ? तो फक्त दोन ढिगांत नेहमी काय वेगळं असतं तेवढं शोधतो. एका ढिगात नेहमी मऊ हिरवाई, दुसऱ्यात नेहमी तारा आणि खांब. त्याने सोपी वाट धरली. हिरवाई दिसली की पक्षी, तार दिसली की पक्षी नाही! चोचीकडे बघायची त्याला गरजच पडली नाही."

म्हणजे खाचवालीला टेहळ्यापासून लपवलं होतं ते मैथिलीनेच, आणि तेही सुंदर दिसावी म्हणून!

"मूळ फोटो दे. पुन्हा शिकवू," आत्या म्हणाली.

"नाहीत गं! फोन भरला होता, म्हणून सगळे पुसून टाकले. आणि पक्षी आता संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. आत्या, आता काय करायचं?" मैथिलीला रडूच फुटलं.

आत्या येरझाऱ्या घालू लागली. पान्ह्याने टेबलावर टकटक करू लागली. मैथिलीला ती टकटक असह्य झाली आणि ती पडद्याकडे वळली. तारांच्या फोटोवर ठेवलेली खाचवाली अजून तिथेच होती. मैथिलीने नाक पुसलं.

"आत्या, पक्षी तर आपल्याकडे आहेतच की. मागचं नाही एवढंच ना? मग मागचं परत आणूया! मी जे जे पुसलं ते ते सगळं!"

आत्याचा पान्हा हवेतच थांबला. "शाब्बास गं माझी वाघीण! पळ!"

आणि मैथिली पळाली. अहो, पळाली म्हणजे कशी! चप्पल एक पायात, एक हातात. ज्या ज्या गोष्टींना कालपर्यंत नाकं मुरडली, त्यांचेच फोटो काढत सुटली. विजेचे खांब, लोंबत्या तारा, पत्र्याच्या शेडी, बाभळीवरच्या फाटक्या पिशव्या, पाण्याची टाकी, छपरावरच्या टीव्हीच्या तबकड्या, चक्कीची पाती. ती रांजणावर चढून फोटो काढत होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला हटकलं, "काय गं, त्या उकिरड्यात काय सोनं सापडलं का?"

"सोनंच आहे काकू!" ती ओरडली आणि पुढे धावली.

दुपारी संगणकाचं काम सुरू झालं. खाचवाली तारांवर, खाचवाली शेडवर, खाचवाली पिशव्यांमध्ये. एकच पक्षी पन्नास ठिकाणी, कधी उजेडात, कधी तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात.

"आता कळलं?" आत्या म्हणाली. "मागचं सारखं बदलतंय, पक्षी मात्र तोच. आता मागच्याच्या भरवशावर राहून चालायचं नाही हे टेहळ्याला कळेल. झक मारत पक्ष्याकडे बघावंच लागेल."

मैथिली मान डोलावत होती. एकाएकी ती ताडकन उठली. "आत्या, थांब! आपण पक्षी कापून चिकटवलाय. त्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. बिनपक्ष्यांच्या फोटोत अशी कड कुठेच नाही. हा लबाड आता पक्षी सोडून ती कडच शिकेल!"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं!"

मग काय, दोघींनी संगणकावर फोटोंतल्या पिशव्या कापल्या, पानं कापली, पतंग कापले आणि तेही फोटोंवर चिकटवून 'पक्षी नाही'च्या ढिगात टाकले. तसली कड आता दोन्ही ढिगांत आली. शिवाय नुसत्या हिरवाईचे फोटोही 'पक्षी नाही'मध्ये घातले. टेम्पोवाल्या पोपटाची गंमत पुन्हा नको!

टेहळ्या शिकत होता. मैथिली नखं खात होती. दर दोन मिनिटांनी विचारत होती, "झालं?" आत्या दर वेळी म्हणत होती, "नाही." सावल्या लांबल्या तसा मैथिलीचा जीव वरखाली होऊ लागला. शेवटी टेहळ्याला खांबावर चढवलं तेव्हा सरपंच शांताबाई येऊन उभ्याच होत्या, आणि वाराही सुटला होता.

आत्याचा हात लाल बटणावर होता. "वेळ आली तर मी आहेच," ती पुटपुटली.

काहीतरी पांढरं फडफडत वर गेलं. मैथिलीने श्वास रोखला.

"पिशवी. पक्षी नाही," टेहळ्या म्हणाला. पाती फिरत राहिली.

मग तारांच्या मागून ती आली. पंख पसरून, तरंगत, थेट चक्कीच्या दिशेने. उजव्या पंखात खाच. मागे तारा, खांब, बाभळीवरच्या पिशव्या, सगळं सगळं होतं. टेहळ्या गप्प. मैथिली मनातल्या मनात ओरडत होती. बोल ना रे! बोल ना!

"भोवत्या," टेहळ्या म्हणाला. "पाती थांबवतोय."

पाती कण्हली. हळू झाली. आणखी हळू. थांबली. खाचवालीने थांबलेल्या पात्यांपाशी एक निवांत घिरटी घातली आणि गवतात उतरली. मैथिली एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि फोटोही काढत होती.

थोड्या वेळाने टेहळ्याने पाती पुन्हा सोडली आणि पंप घरघरू लागला. शांताबाईंनी टाकीकडे पाहिलं, मग खांबाकडे. "राहू दे गं तुझा पहारेकरी," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गावांतही चक्क्या बसतायत म्हणे. त्यांनाही असा एकेक लागेल. पण तिथले फोटो तिथल्या पोरांनी काढायचे, काय?"

"आणि काही पुसायचं नाही!" मैथिली म्हणाली.

घरी परतताना आत्याने तिचा नवा फोटो पाहिला. "झकास आलीये खाचवाली! पण मागे ते पातं आलंय बघ. डोळ्यात खुपतंय. पुसून टाकू का?" आत्या गालातल्या गालात हसत होती.

"हात तर लावून बघ!" मैथिलीने फोन छातीशी धरला. मग आत्याला दिसावा म्हणून पुन्हा पुढे केला. "मागच्या वर्षी पातं फिरत होतं, म्हणून फोटोत नुसतं धुरकट फरकाटं आलं होतं. आता बघ, त्याची कड कशी स्पष्ट आलीये. त्यावरचे बोल्टसुद्धा मोजता येतात. ते थांबलंय, आत्या. तिच्यासाठी थांबलंय."