कालव्याला दहापैकी चार

दहापैकी आठ गुण दिले असते, तर झोयाचा फायदाच होता. गेम कंपनीनं तिच्या पुढच्या व्हिडिओला जाहिरात दिली असती, नवा हेडफोन घरपोच आला असता, आणि पुण्याची माणसं आमच्या पोरीला विचारून चालतात, असं अम्मीला चार घरी सांगत फिरता आलं असतं. झोयानं दिले चार. आणि चार देऊन पदरात काय पडलं, तर हारिस. आता हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, ते तुम्हीच ठरवा.

झोया पणदऱ्याची. यूट्यूबवर मराठीतून गेमची परीक्षणं करायची. बघणारे फार नव्हते, पण जे होते ते तिच्या शब्दावर गेम घ्यायचे किंवा सोडून द्यायचे, कारण ती कुणाचं खाऊन बोलत नसे. ‘गढी’ हा तिचा लाडका गेम. दोघांनी एकाच वेळी गाव वसवायचं, फौज उभी करायची, समोरच्याची गढी पाडायची. थांबून विचार करायला सवड नाही. त्याचं ‘कालवा’ नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे नवी पुरवणी, आलं. त्यात दोन्ही गावं एकाच कालव्यावर, एक वर, एक खाली. दिल्ली-मुंबईच्या परीक्षकांनी आठ-नऊ ओवाळून टाकले. आणि झोयानं हे असं.

हारिसची भेट झाली बारामतीत, लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात. झोया भर उन्हात स्कूटीवरून आलेली; डोळे सोडले तर सगळा चेहरा स्कार्फमध्ये. शेजारच्या स्टुलावर एक सडपातळ पोरगा मोबाईलकडे बघत एकटाच धुसफुसत होता. तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. पडद्यावर तीच होती.

“या बाईला पाण्यातलं काय कळतंय?” तो तिलाच म्हणाला. दुसरं ऐकायला कुणी नव्हतं.

“का… काय म्हणते ती?”

“म्हणती, खालच्या गावाच्या खेळाडूला हरण्याशिवाय काम न्हाय. आता तुमीच सांगा, खाली पाणी पोचतंय कुठं? आमी अंथुर्ण्याचे. टेलचे, कालव्याच्या शेपटाचे. वरच्यांचं भागून आमच्याकडं येतो तो नुसता ओलावा. हाय तसं दाखवलंय मी.”

“तुम्ही दाखवलंय?”

“बनवलंय मी हे. कालवा.” एवढं बोलून त्यानं कॉलर नीट केली. “आणि ही पणदऱ्याची. वरच्या अंगाची. पाटाला पाणी आलं की ह्यांच्या म्हशीसुदिक पोहायला शिकत्यात.”

म्हशींपर्यंत गेल्यावर झोयाचा संयम संपला. तिनं स्कार्फची गाठ सोडली. सावकाश.

पोरानं एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. कान लाल झाले.

“…मोबाईलमध्ये जाड दिसता तुमी,” त्याला एवढंच सुचलं.

“तुमचं रडगाणं खरं असेल,” झोया म्हणाली. “पण गेम म्हणजे तक्रार अर्ज नव्हे. हरणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.”

त्या दिवसापासून तिच्यामागे साडेसाती लागली. चॅनलवरून नंबर शोधून हारिसचे मेसेज सुरू. माणूस पोरीला मेसेज करतो तर जेवलीस का म्हणून तरी विचारतो. याचं आपलं सकाळी उठल्या उठल्या, “मुद्दा नंबर दोन.” ती वैतागून फोन उशीखाली सारायची… आणि मुद्दा नंबर तीन आला नाही की उशी उचलून बघायची. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही. एकदा त्यानं दिल्लीच्या परीक्षकाचं कौतुक तिला तिसऱ्यांदा पाठवलं.

“इतका आवडतो तर त्याच्याशीच लग्न कर,” तिनं लिहिलं. लिहून जीभ चावली.

पलीकडे बराच वेळ टायपिंग दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. मग उत्तर आलं, “त्याला बायको हाय.”

तिनं कपाळाला हात लावला. या पोराचं करायचं काय?

शेवटी कालव्याला उन्हाळी आवर्तनाचं पाणी सुटायच्या दिवशी त्यानं निर्वाणीचं लिहिलं, “एकदा येऊन बघ टेल. मग चार दे न्हायतर दोन दे.”

अंथुर्ण्यात झोयाची मावशी, शमशाद खाला, दिलेली होती, म्हणून घरी निमित्त सापडलं. खाला मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. “पाणी बघायला आलीस व्हय? बरं बरं. पाणी निघंल तिकडनं सावकाश, तू निवांत बस,” म्हणाली, आणि स्वतःच हारिसच्या रानापर्यंत सोडायला आली.

रानाला पाणी आणणारी चारी कोरडी ठणठणीत होती. तळाला भेगा, वाळलेल्या शेवाळाचा वास. बांधावर हारिसचे वडील, अल्लाबक्ष, फडक्यात भाकरी बांधत होते.

“कुठं निघालात चाचा?” झोयानं विचारलं.

“राखणीला, बेटा. पाटाच्या वरच्या दारांवर. पाणी सुटलं की आमच्यातले एकेक जण एकेका दारावर जाऊन बसतो. कुणाला बोलायचं न्हाय, भांडायचं न्हाय. नुसतं बसायचं. माणूस समोर बसलाय म्हटल्यावर दार उचलायला हात धजत न्हाय.” मग हसून म्हणाले, “पणदऱ्यात तर च्या पण पाजत्यात. पशुखाद्याचं दुकान हाय एक, त्याच्या पायरीवर असतो मी.”

ती पायरी झोयाच्या घरची होती. तो चहा तिनं स्वतः कितीदा बाहेर नेऊन ठेवला होता, पिणाऱ्याकडे कधी न बघता.

ती हारिसकडे वळली. “हे गेममध्ये कुठं आहे?”

“हे…? हे काय दाखवायचं? हे तर आब्बा दरवर्षी करत्यात.”

“म्हणूनच विचारते, शहाण्या. खालचा हरतो म्हणून जगाला सांगतोस, आणि तुझा बाप भाकरी बांधून निघालाय ते तुला दिसत नाही?”

हारिसनं बापाच्या हातातलं फडकं घेऊन गाठ मारली. मुद्दा नंबर कुठलाच नव्हता. पहिल्यांदाच. झोयाला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

तो मग कामाला लागला. खालच्या गावाला राखणदार दिले. वरच्या दारावर जाऊन बसायचं, लढायचं नाही, तरी दार अडतं. पुण्यातला कंपनीचा मालक सौरभ वैतागला. आठ-नऊ मिळालेल्या मालाला हात कशाला लावायचा? शेवटी म्हणाला, “त्या चारवाल्या बाईकडून सात तरी आणून दाखव. नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला.”

हारिसनं हे झोयाला जसंच्या तसं सांगितलं. तिनंही बजावलं, “खेळून बघते. पण माझा नियम आहे, घरच्या माणसाच्या गेमला गुण द्यायचे नाहीत. तेव्हा परीक्षण होईपर्यंत… दुसरं काही बोलायचं नाही.”

“दुसरं म्हणजे?”

“तुला कळतंय.”

नवं व्हर्जन पेनड्राइव्हमध्ये घालून तो बारामतीच्या एसटी स्टँडवर आला. तिला दिलं. तिनं पर्समध्ये टाकलं. पणदऱ्याची गाडी लागली होती. आता मुकाट्यानं परत जावं की नाही?

“झोया.”

“नको बोलूस.”

“ते आठ-नऊवाले सगळे वरच्या गावाकडनं खेळले. चार तास खेळले आणि उठले. खाली कुणी आलंच न्हाय. माझ्या गावापर्यंत आलेली तू एकटी.”

“हारिस, काम जाईल…”

“परीक्षणानंतर बोललो असतो, तर जन्मभर तुला वाटलं असतं, गुणासाठी थांबला होता.” त्यानं एक श्वास घेतला. “मला तू पाहिजेस. गुण गेले चुलीत.”

कंडक्टरनं घंटी मारली. झोया पायरीवर एक पाय ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. इतका मूर्ख, इतका हट्टी, इतका नको तिथं खरं बोलणारा माणूस…

“गेलं तुझं परीक्षण,” ती म्हणाली. “माझ्या अब्बांना भेटायला कधी येतोस ते सांग.”

गाडी निघाली. पेनड्राइव्ह तिच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं छोटासा व्हिडिओ टाकला. कालवाच्या नव्या व्हर्जनला मी गुण देणार नाही. कारण बनवणारा आता माझ्या घरचा होतोय. चॅनलवर सगळ्यात जास्त चालला असता असा परीक्षणाचा व्हिडिओ हातचा गेला. हारिसच्या हातचं पुढचं काम दुसऱ्याला गेलं; आता तो घरी बसून मिळतील ती कामं करतो. सौरभचं काही गेलं नाही. असल्या माणसांचं जात नसतं.

तोटा दोघांत सारखा म्हणावा, तर तसंही नाही. हारिसनं जास्त भरलं. कारण झोयानं तो गेम शेवटपर्यंत खेळला, दोन्ही गावांकडून, आणि मनात गुणही दिले. निकाह झाला, संसार लागला, तरी तो दर जुम्म्याला जेवताना विचारतो, “सांग की, किती दिले असतेस?”

आणि ती म्हणते, “भात घे.”