चिमणीला प्रवेश नाही!

"चोर सापडायला बारा पानं उरली, आणि मला बाहेर काढलं!"

वाचनालयाच्या पायरीवर चिमणीनं भोकाड पसरलं. वय वर्षं नऊ, आवाज आगगाडीचा! समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक पळत आलं, त्याच्यामागे कात्री घेऊन न्हावी!

चिमणीची ताई आणि तिचा वर्गमित्र लंबू तडक आत शिरले. भिंतीवर नवीकोरी चौकट होती : 'बारा वर्षांखालील मुलांना वर सोडू नये.'

आणि गोष्टींची पुस्तकं तर सगळी वरच!

"संस्थापकांचं हस्ताक्षर आहे!" अध्यक्ष गरजले. त्यांच्या मिशा एवढ्या भारदस्त, की पंखा लावला की त्यांना टेबल धरून बसावं लागे. "शंभर वर्षांपूर्वी लिहिलंय. थोरांचे विचार प्रत्येक काळाला लागू पडतात! जगबुडीपर्यंत!"

लंबू ताईच्या कानाशी लागला. "सही कुठाय गं? संस्थापक आजोबांची इथल्या प्रत्येक जुन्या कागदावर हातभर सही असते. धोब्याच्या यादीवरसुद्धा!"

ताईनं डोळे मिचकावले. "काका, एवढे थोर विचार आणि काचेवर धूळ? आम्ही पुसू?"

"वा! याला म्हणतात संस्कार!"

लंबूला स्टूल लागलंच नाही. चौकट खाली आली, मागचा पुठ्ठा निघाला... आणि आत कागद दुमडलेला! ताईनं खालचा भाग मोठ्यानं वाचला :

'कारण जिना मोडका आहे. सुतार येऊन गेला, की हा कागद फाडून टाकावा.'

खाली हातभर सही!

जिना तर केव्हाच सिमेंटचा झाला होता!

ग्रंथपालबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अध्यक्ष, कागद दुमडला कुणी?"

"मीच. चौकट लहान पडली हो..."

"आणि खालचं वाचलं नाहीत?"

"वेळ कुठे होता? अनावरणाचं भाषण लिहीत होतो!"

"मग फाडा आता!" लंबू म्हणाला. "थोरांची आज्ञा!"

अध्यक्षांनी कागद छातीशी कवटाळला. "अरे, शंभर वर्षांचा कागद! फाडू कसा? त्यांना तेव्हा काय ठाऊक..."

"म्हणजे त्यांचं सगळंच लागू पडत नाही?" ताईनं साळसूदपणे विचारलं.

अध्यक्षांना दरदरून घाम फुटला. "म्हणजे... तसं... त्यांनी ते का म्हटलं, हे आधी बघायला हवं होतं मी."

बाईंनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे! शंभर वर्षांत संस्थापकांना पूर्ण वाचणारे तुम्हीच! चिमणे, तूही ये गं, तुझंही कौतुक करू!"

पायरी रिकामी होती.

"थांबा हो!" वरच्या मजल्यावरून आवाज आला. "अजून चार पानं!"