बारकी गोळी

जेवणं झाली. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत आपल्या घराच्या अंगणातला दिवा मालवून रामभाऊकाका केतन आणि पायलजवळ येऊन बसले. "ही गोष्ट माझ्याबरोबर खाणीत होता त्या दत्तप्रसादची आहे. झोप उडाली तर मला सांगायचं नाही."

"नो वरीज, काका," केतन हसला.

दोन हजार वीसचा एप्रिल. कोरोनाने रस्ते बंद. गावाबाहेरच्या एका फार्मचा मालक पर्थला अडकला, म्हणून त्याने पाण्याचा पंप बघायला दत्तप्रसादला तिथे राहायला पाठवलं. त्याची बायको मधुवंती घरी एकटी राहीना. आठ महिन्यांच्या मितालीला घेऊन तीही गेली. पोरीला दात येत होते. तीन रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मालकाने फोनवर बजावलं होतं, "रानटी उंट पाण्यासाठी पाइप तोडतात. कपाटात दोन रायफली आहेत. बारकी कोल्ह्यांना. उंटाला मोठीच घे, थ्री-ओ-एटच्या जाड काडतुसाची. एवढं धूड बारक्या गोळीने मरत नाही, मेट. नुसते हाल होतात."

मंगळवार, चौदा तारीख. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाइप कडाडला. टाकीशी एक उंटीण उभी होती. घरासाठी पाणी तेवढंच. दत्तप्रसादने मोठी रायफल उचलली.

"ती नको रे," मधुवंती कुजबुजली. "आत्ता कुठे झोपलीये. त्या आवाजाने उठली तर मला वेड लागेल."

त्यालाही पोरीचं रडणं आठवलं. त्याने मोठी परत ठेवली, बारकी घेतली. कपाटाला कुलूप. किल्ली खिशात.

पहिली गोळी मानेत बसली. उंटीण खाली बसली... उठली. दुसरी छातीत. नाकातोंडातून रक्ताचा फेस. तिसरीने जबडा लोंबला. त्या लोंबत्या जबड्याने ती ओरडत होती. बाईसारखी. चौथी. पाचवी. पाय मोडले तशी गुडघ्यांवर रांगायला लागली. घराकडे. सहावी त्याने डोळ्यात घातली.

गोळ्या संपल्या. ती रांगतच होती.

मितालीच्या खिडकीशी पोचली. काचेला तोंड लावलं.

तो कुऱ्हाड आणायला मागे धावला. आणि...

सगळं थांबलं. ओरडणं नाही. श्वास नाही.

तो परत आला. खिडकीखाली रक्ताचं थारोळं. उंटीण नव्हती. पुढे माग नव्हता.

आत मधुवंती पाळण्याशी उभी होती. पोरगी गाढ झोपलेली.

"एवढ्या ओरडण्यात?" पायलने हळूच विचारलं.



"कपाटाला कुलूप तसंच होतं," काका म्हणाले. "किल्ली दत्तप्रसादच्याच खिशात. आत मोठ्या रायफलीच्या काडतुसांचं नवं खोकं, वीसचं. त्याने उघडून बघितलं. एकोणीस."

"आणि विसावं?"

"त्याची रिकामी पुंगळी मितालीच्या मुठीत होती. बंदुकीच्या दारूचा वास येत होता त्या पुंगळीला..."

काकांनी आपली मूठ मिटली.

"अजून गरम होती."