लाखेखालची साक्ष

पुंडलिकराव वकिलाला माणसाशी बोलायची रीतच नव्हती. तानाबाईच्या थोरल्या पोराच्या वयाचा, पण तिला ‘ए म्हातारे’ म्हणायचा, आणि तेही तिच्याकडे न बघता. सिंदीच्या ठेसनापुढं चार लोक जमवून तो सांगायचा, “ही म्हातारी उगाच ऊर बडवते. कोर्टानं लाख लावून बंद केलं ते बंद.” ती तिथंच हातभर अंतरावर उभी असायची. ऊर तर तिनं आयुष्यात बडवला नव्हता. पोरगा मेला तेव्हासुद्धा नाही.

तिचा गुलाब सदाशिवरावांच्या जिनिंगमध्ये कापूस तुडवायचा. गाठी बांधायची ती पेटी म्हणजे लाकडी विहीरच. आत उतरलेल्या माणसानं पायांनी कापूस दाबत जायचं, वरच्यानं ओतत जायचं. कापसात बुडालेला माणूस वरून दिसत नाही, म्हणून तिथली रीत पडली होती. ओतायच्या आधी वरच्यानं हाळी द्यायची, “हायेस का?” खालून “हाव, थांब” आलं की हात आवरायचा. काहीच आलं नाही तर माणूस बाहेर निघाला असं धरायचं आणि सगळा ढीग लोटायचा.

त्या दिवशी वर मालकाचा पुतण्या प्रभाकरराव होता. त्यानं ढीग लोटला आणि गुलाब कापसाखाली गुदमरून मेला. दीक्षा घेतल्यापासून गुलाबनं त्याला वाकून जोहार घालणं सोडलं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यात सलत होतं, हे साऱ्या जिनिंगला ठाऊक होतं. कोर्टात प्रभाकरराव म्हणाला, मी हाळी दिली, खालून काही आलं नाही. मालकाची सून शकुंतलाबाई त्याच वेळी डबा घेऊन तिथं आली होती. खानदानी बाईच्या अब्रूचा सवाल आहे, असं म्हणून प्रभाकररावच्या वकिलानं, म्हणजे पुंडलिकरावनंच, तिची साक्ष बंद खोलीत घ्यायला लावली. मग ते कागद कापडात बांधून वर लाख ओतली गेली. प्रभाकरराव सुटला. शकुंतलाबाईला माहेरी धाडलं, ती परत दिसली नाही.

तेव्हापासून गावात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याकडे, पानठेल्यावर, कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगेत, एकच. कोणी म्हणे खुनाच्या खटल्यात लपवायचं काय, लाख फोडा. कोणी म्हणे बाईचं नाव चव्हाट्यावर येईल, राहू द्या. नागपूरच्या पेपरातही छापून आलं. मोठे मोठे शब्द होते त्यात, तानाबाईनं एकाकडून वाचून घेतलं आणि त्यातलं अर्धं तिथंच सोडून दिलं. तिचं मागणं एवढंसं होतं. माया पोरानं ‘हाव’ म्हटलं होतं का नाई, तेवढं सांगा. कारण आता गावात कुजबुज होती, की दारू पिऊन पेटीत झोपला असंन. दारूच्या वाटेलाही न गेलेला माणूस, आणि मेल्यावर बेवडा ठरत होता.

पहिल्यांदा झालं ते बापूरावच्या दुकानात. बापूराव मीठ तोलता तोलता गिऱ्हाइकांना समजावत होता की कोर्टाची लाख फोडणं म्हणजे पाप. बोलता बोलता म्हणाला, “थांब, पाय गुतला माया.” आणि पुन्हा पापावर आला. गिऱ्हाइकं हसली. तानाबाईनं पिशवी तिथंच ठेवली. आवाज घोगरा होता, कापसाच्या धुळीनं बसलेला, थेट गुलाबचा. बापूराव जन्मात जिनिंगमध्ये शिरला नव्हता. माया मेल्या लेकराची नक्कल करतोस का, म्हणून तिनं त्याला भर दुकानात झाडला. तो पोराबाळांच्या शपथा घ्यायला लागला, की मी असं काही बोललोच नाही.

मग शाळेचे हेडमास्तर. पुस्तकातल्यासारखी मराठी बोलणारा माणूस, ‘मले-तुले’ म्हणणाऱ्या पोरांना छडी मारायचा. पिंपळाखाली लोकांना न्यायालयाची प्रतिष्ठा सांगत होता. मध्येच मान वर केली, आभाळाकडे बघत म्हणाला, “वढा ना मले वरतं.” आणि लगेच पुन्हा प्रतिष्ठा. या वेळी कोणी हसलं नाही. तानाबाईला सरकीचा ओलसर वास आला. तिनं आजूबाजूला पाहिलं, बंडी नव्हती, कापूस नव्हता.

भुताखेताच्या गोष्टी ती मानत नव्हती. पण एक तिच्या ध्यानात आलं. लाख फोडा म्हणणाऱ्यांच्या तोंडून असं काही येत नव्हतं. राहू द्या म्हणणाऱ्यांच्याच येत होतं.

माघात सदाशिवरावांनी कापूस बाजाराच्या आवारात सभा भरवली. साक्ष बंदच ठेवावी, असा गावचा ठराव करून सरकारला धाडायचा होता. टळटळीत दुपार, बंड्या लागलेल्या, बैल कडबा चघळत होते. मंचावर सदाशिवराव, शेजारी पांढऱ्या टोपीत प्रभाकरराव. बोलायला पुंडलिकराव उठला. तानाबाई पुढं जाऊन बसली तसा तिच्या डोक्यावरून बघत म्हणाला, “या म्हातारीला कोणीतरी मागं न्या.”

कोणी हललं नाही. तीही नाही.

“सज्जनहो,” पुंडलिकराव म्हणाला, “साक्षीची गुप्तता ही समाजाची अब्रू आहे. आज हे सील तोडलं, तर उद्या प्रत्येक घराच्या माजघरात हाव, थांब, पाय गुतला माया.”

तो बोलत राहिला. त्याला कळलंच नव्हतं. अब्रू, कायदा, घराणं. हात पहिल्यासारखे हवेत फिरत होते. फक्त मधूनमधून मान वर जात होती, जसं कोणी खोलातून वर बघावं.

“हाव म्हनून राह्यलो ना भाऊ. आयकू नाई येत का?”

बैलांनी चघळणं थांबवलं.

“हासून काऊन राह्यले?”

प्रभाकरराव खुर्चीतून उठला. चेहरा कापसासारखा. त्यानं वकिलाकडे पाहिलंच नाही, लोकांकडे पाहिलं आणि ओरडला, “कोण आहे? कोण बोलतंय?”

सगळं आवार उत्तर देतं झालं. बाप्ये, बाया, हमाल, अडते, एकाच घोगऱ्या आवाजात.

“हाव. थांब.”

एकट्या तानाबाईचं तोंड मिटलेलं होतं.

ठराव झाला नाही. लोक एकमेकांची तोंडं न बघता घरोघर गेले.

पुढं एका सकाळी पुंडलिकराव बौद्धपुऱ्यात आला. त्या वस्तीत त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. तानाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं बस म्हटलं नाही, तो आपणच ओट्याच्या कडेला टेकला. गालफडं बसली होती. बोलताना दर दोन शब्दांनी थांबत होता, पुढचा शब्द कोणाचा येईल याची वाट बघितल्यासारखा.

त्यानं सारं सांगितलं. शकुंतलाबाईनं बंद खोलीत हेच शब्द सांगितले होते, याच क्रमानं. तिनं ‘हाव’ ऐकलं होतं, आणि वरचं हसणंही. मग आपण तिला उलटसुलट विचारून इतकं घाबरवलं की ती म्हणाली, यंत्राच्या आवाजात मला भासही झाला असेल. त्या एका शब्दावर प्रभाकर सुटला. हे बाहेर येऊ नये म्हणून लाख.

“आता घरात बायको प्रमिला दाराआडून विचारते, आत आहात का,” तो म्हणाला. “आणि उत्तर जातं. ते ऐकून ती दार उघडत नाही.”

तानाबाई शेंगा सोलत राहिली.

“तुमच्यात काही उतारा असेल,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “आईनं सांगितलं तर ऐकेल तो. त्याला जा म्हणा.”

“आमी दीक्षा घेतली. भगत, उतारा, अंगारे, सारं सोडलं.”

तो काही बोलायला गेला. मान वर झाली.

“माय,” तो म्हणाला. “माय, दिसत नाई काई.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. अंगण तिच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. ‘हाव रे बाबू’ एवढंच तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते दातांखाली धरलं. ती उठली, वकिलाच्या पुढ्यात उभी राहिली, आणि शेजारच्या बाया ऐकतील इतक्या आवाजात बोलली.

“वकीलसाहेब, माया पोरगा भूत नाई, साक्षीदार हाये. कोर्टात तुमी त्याचं तोंड बंद केलं, आता तो तुमच्या तोंडानं बोलून राह्यला. लाख फुटेपर्यंत बोलू द्या त्याले. मी त्याले जा म्हननार नाई.”