रेघ उजवीकडे वळते

फोनवर समुद्राचा नकाशा वाचायला मला माझ्या मुलाने शिकवलं आणि नातीला मी. मुलगा मालवाहू जहाजावर असतो. मागच्या सुट्टीत त्याने ते ॲप माझ्या फोनमध्ये घातलं आणि म्हणाला, "आई, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलास, आता जरा वापर." मी म्हटलं, "तू जेवायच्या वेळेला कुठे सापडशील, हे मी भूगोलावरूनच तर ओळखायचे."

नात पाचवीत आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून सगळे तिला टिकली म्हणतात. मुलांना उत्तर सांगायचं नाही, वस्तू त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायचं, ही माझी शाळेपासूनची पद्धत. आमची होडी धक्क्याला बांधलेली असताना मी तिच्या हातात फोन द्यायचे.

"हे आकडे कसले?"

"खोलीचे."

"कुठल्या पाण्यातली खोली?"

"सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या. म्हणजे याहून कमी पाणी सहसा नसतं."

"आणि हिरवं दिसतं ते?"

"ते भरतीत बुडतं, ओहोटीत उघडं पडतं. आजी, तू रोज तेच विचारतेस."

"आणि तू रोज बरोबर सांगतेस. मग बिघडलं काय?"

आमचा धक्का आणि समोरचं बेट यांच्या बरोबर मध्ये एक मोठा खडक आहे. आम्ही त्याला कासव म्हणतो. भरतीत त्याच्यावरून होडी सहज जाते. ओहोटीत त्याची पाठ वर येते. फोनवर तो हिरवा ठिपका म्हणून दिसतो, पण नकाशा मोठा करून पाहिला तरच. लहान केला की ठिपका नाहीसा होतो आणि समुद्र निळाशार, निर्धोक वाटतो. टिकलीला मी हेही दाखवून ठेवलं होतं.

माझी थोरली बहीण बेटावर राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिला भेटायला निघाले. टिकलीने हट्ट धरला. माझ्या सुनेला ते पसंत नव्हतं. टिकली तोवर कधी होडीतून पलीकडे गेली नव्हती.

"मी आहे ना बरोबर," मी म्हटलं.

"तुम्ही आहात म्हणून तर पाठवतेय, आई. उजेड आहे तोवर परत या. आणि लोकेशन चालू ठेवा, म्हणजे तुमचा ठिपका मला इथे दिसत राहील."

पूर्ण भरतीला निघालो. ऊन होतं. कासवावरून सरळ गेलो, खाली पाणीच पाणी. फोनवर आमची होडी म्हणजे एक लहानसा बाण. बाण पुढे सरकतो आणि मागे लाल रेघ उमटत जाते. बेटाला लागल्यावर टिकलीने ती रेघ मला दाखवली. पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"येताना हीच रेघ धरून यायचं," मी सांगितलं. "ज्या वाटेने सुखरूप गेलो, त्याच वाटेने परत."

बहिणीने लवकर सोडलं नाही. डोळ्यावर पट्टी होती, पण तोंडाला विश्रांती नव्हती. "बस गं, समुद्र काय पळून जातोय?" असं म्हणत तिने नात्यातल्या सगळ्यांची झाडाझडती घेतली. निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि धक्का सुटल्यावर थोड्याच वेळात धुकं आलं.

एवढं दाट धुकं मी क्वचितच पाहिलं आहे. होडीचं पुढचं टोक दिसेना. मी मागे इंजिनापाशी होते. टिकली मध्ये बसली होती, गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतला फोन दोन्ही हातांत धरून. मी इंजिन अगदी मंद केलं.

"घाबरलीस?"

"नाही. तू?"

"मला घाबरायला वेळ नाही. तू रेघ बघ आणि मला सांग."

ती सांगत गेली. सरळ. सरळ. थोडं डावीकडे झालो, आजी. आता बरोबर. तिचा आवाज शांत होता, वर्गात धडा वाचणाऱ्या मुलीसारखा. मला अभिमान वाटत होता.

मग ती म्हणाली, "आता उजवीकडे."

"सरळ ना?"

"रेघ उजवीकडे वळते."

"नकाशा फिरला असेल. उत्तर दिशा वर आहे का बघ."

"वरच आहे, आजी. रेघच वळलीय."

आम्ही जाताना कुठेही वळलो नव्हतो. मी इंजिन बंद केलं. होडी पाण्यावर डुलत राहिली. टिकलीवर चिडायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं.

"नीट बघून सांग. काय दिसतं?"

"वळणावर रेघेचा गुंता झालाय. होडी थांबली की होतो तसा." ती जरा घुटमळली. "पण आपण कुठे थांबलो होतो?"

कुठेच नाही.

"गुंत्याच्या पुढे?"

"पुढे वळत जाते. मग अजून एक गुंता. मग परत वळते."

वर्गाला घेऊन डोंगरावर जायचे तेव्हा मी असंच करत असे. प्रत्येक वळणावर थांबायचं, मागची मुलं येईपर्यंत. का कोण जाणे, मला तेच आठवलं. मी इंजिन सुरू केलं आणि होडी उजवीकडे घेतली.

आधी वास आला. उघड्या पडलेल्या शेवाळाचा.

मग डावीकडून आवाज. पाणी खडकाच्या कपारीत शिरत होतं आणि चोखल्यासारखं बाहेर येत होतं.

मग कासवाची पाठ दिसली. काळी, ओली, वल्हं लांब केलं असतं तर टेकलं असतं इतकी जवळ. वाट तीच होती, पण पाणी ते राहिलं नव्हतं. सरळ गेलो असतो तर त्या पाठीवर आपटलो असतो.

टिकलीने खडकाकडे पाहिलं आणि पुन्हा फोनकडे पाहिलं. "आता डावीकडे," ती म्हणाली.

"दाखव मला."

तिने फोन माझ्यासमोर धरला. नकाशा लहान केलेला होता, हिरवा ठिपका दिसत नव्हता. लाल रेघ दिसत होती. ती बाणाच्या पुढे होती. बाणाच्या मागे काहीच नव्हतं. आम्ही जसजसे पुढे सरकत होतो, तसतशी ती बाणापाशी पुसली जात होती.

मी फोन तिला परत दिला. "सांगत राहा," म्हटलं.

धक्क्यावर सून उभी होती. तिने टिकलीला होडीतून अक्षरशः उचलून घेतलं आणि छातीशी धरलं.

"अगं, आलो ना. जरासा उशीर झाला."

"आई, केव्हापासून फोन करतेय. रिंग वाजतेय, उचलत का नाही?"

आमचा फोन एकदाही वाजला नव्हता. सुनेने तिचा फोन पुढे केला. आमचा ठिपका सरळ आला होता आणि कासवावर थांबला होता. आम्ही तिच्यासमोर उभे होतो. ठिपका अजून तिथेच होता.

"मी कप्तानला पाठवलंय तिकडे," ती म्हणाली.

कप्तान म्हणजे आमचा शेजारी. मासेमारीच्या होडीपलीकडे त्याने काही चालवलेलं नाही, पण रुबाब जहाजाचा. मी त्याला फोन करून आम्ही पोचल्याचं सांगायला गेले, लागला नाही. सून टिकलीला घेऊन घरी गेली. मी धक्क्यावर थांबले.

तो आला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. मला पाहून तो होडीतच उभा राहिला.

"बाई? तुम्ही इथे?"

"मघाशीच आलो रे. उगाच धावपळ झाली तुझी."

"आणि नात?"

"घरी गेली. जेवत असेल."

त्याने दोर माझ्याकडे टाकला नाही. हातातच धरून ठेवला. एरवी दहा गोष्टी रंगवून सांगणारा माणूस, पण शब्द जुळवत होता.

"मी कासवाला तीन फेऱ्या मारल्या, बाई. होडी नव्हती, कुणी नव्हतं. पण आवाज येत होता. म्हणून निघवत नव्हतं मला."

"कसला आवाज?"

"पोरीचा. ती रडत नव्हती हो. रडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे, पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती, आजी, इथे रेघ संपली, आता कुठे?"